इनामगावची गुरं आणि आपली गायरानं

२०१९ च्या उन्हाळ्यात श्रीगोंदा तालुक्यातल्या एका चारा छावणीत दोन दिवस मुक्काम केला होता. मामांची चार जनावरं तिथे होती. दोन गायी, एक कालवड आणि एक म्हातारा बैल. मामा रात्री छावणीतच झोपायचे, मामी सकाळी डबा घेऊन यायची. मी सहज विचारलं, "मामा, हा बैल आता कामाचा राहिला नाही, याला कशाला सांभाळताय?" ते म्हणाले, "पीक गेलं तर पुढच्या पावसाला येतं रे. दावण एकदा मोकळी झाली की भरायला दहा वर्षं लागतात."

तेव्हा मला वाटलं होतं की म्हातारा माणूस जनावरात जीव अडकलाय म्हणून असं बोलतोय. नंतर इनामगावबद्दल वाचलं आणि लक्षात आलं की मामा हिशेब सांगत होते. आणि हा हिशेब आपल्याच भागात, त्याच घोड नदीच्या काठावर, तीन हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी मांडला होता.

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

इनामगाव शिरूर तालुक्यात आहे, पुण्यापासून साधारण ८०-९० किलोमीटर पूर्वेला. आज तिथे गेलात तर ऊस दिसेल आणि नदीकाठी काही पांढरीची टेकाडं दिसतील. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला 'पांढरी' म्हणतात आणि शेताच्या मातीला 'काळी', हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. त्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ असं जवळपास पंधरा वर्षं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. एका साध्या खेड्यासाठी इतकी वर्षं खपणं भारतात क्वचितच झालंय. तिथे राजवाडा नव्हता, सोन्याचा हंडा नव्हता. होती ती माणसांची घरं. १३० हून जास्त घरं त्यांनी उघडी केली. चुली, धान्याची पेवं, रांजण, जमिनीत पुरलेली माणसं आणि ढीगभर जनावरांची हाडं.

या वस्तीचे तीन थर आहेत. पहिले लोक इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराला आले, त्यांची भांडी माळव्यातल्या भांड्यांसारखी. मग १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ. (जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथे १९५०-५१ ला उत्खनन झालं म्हणून हे नाव पडलं.) आणि शेवटचा, १००० ते ७०० चा, उत्तर जोर्वे काळ. त्यानंतर गाव ओस.

भरभराटीच्या काळातलं गाव डोळ्यासमोर आणा. चौकोनी, ऐसपैस घरं, कुडाच्या भिंती, चोपून सारवलेली भुई. मुख्य धान्य जव, सोबत थोडा गहू आणि कडधान्यं. नदीच्या पुराचं पाणी वळवून आणायला खणलेला पाट आणि त्याला बांध. म्हणजे सिंचन होतं, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. गावाने मिळून केलेलं होतं. एक पाच खोल्यांचं मोठं घर सापडलं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. हे गावप्रमुखाचं घर असावं आणि गावाचं धान्य तिथे जमा होत असावं, असं ढवळीकरांचं मत.

आता गुरांकडे येऊ.

पुरातत्त्वात हाड हा फार बोलका साक्षीदार असतो. हाड कोणत्या जनावराचं आहे हे कळतंच, पण दात आणि सांधे बघून ते किती वर्षांचं असताना मेलं हेही कळतं. यावरून मालकाने ते कशासाठी पाळलं होतं याचा अंदाज येतो. मांसासाठी पाळलेलं जनावर अंगाने भरलं की कापतात. त्यामुळे कोवळ्या वयाची हाडं जास्त मिळतात. दुधासाठी किंवा औतासाठी पाळलेलं जनावर म्हातारं होईपर्यंत जगतं. ओढकाम केलेल्या बैलाच्या पायाच्या हाडांवर त्या ओझ्याच्या खुणाही राहतात. गोठ्यातलं राजकारण कागदावर लिहिलेलं नसतं, ते असं हाडांत लिहिलेलं असतं.

इनामगावात गायीबैलांची हाडं भरपूर मिळाली, शेळ्यामेंढ्यांची मिळाली, हरणांसारख्या शिकारीच्या प्राण्यांचीही मिळाली. त्यातल्या अनेकांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत. म्हणजे हे लोक गुरांचं मांस खात होते. हे सरळ सांगून टाकतो, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही.

त्याच इनामगावात घराच्या भुईखाली एक मातीची पेटी पुरलेली सापडली. तिच्यात बाईची एक कच्च्या मातीची मूर्ती होती, डोकं नसलेली, आणि सोबत एक मातीचा बैल. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीवर भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. म्हणजे देवी आणि तिचं वाहन! घराच्या रक्षणासाठी किंवा मुलाबाळांच्या नवसासाठी कोणीतरी हे जपून पुरलं होतं. हाच माणूस बैल खात होता आणि हाच माणूस बैलाला देवीखाली बसवत होता. आजच्या फेसबुकी भांडणात हे दोन्ही पुरावे वेगवेगळ्या टोळ्या एकमेकांवर फेकून मारतील, हे मला माहीत आहे. कृपा करून कॉमेंटमध्ये ते करू नका. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्या पक्षात भरती करून घेता येत नाही. त्याच्यासाठी गुरं म्हणजे अन्न, ताकद, शेण, कातडं, हुंडा, दैवत असं सगळं एकाच वेळी असणार.

ही गुरं आली कुठून? वशिंड असलेली आपली गाय ही युरोपातल्या गायीची धाकटी बहीण नाही. ती वेगळ्या रानटी जनावरापासून वेगळ्या ठिकाणी माणसाळली. त्याचा सगळ्यात जुना चांगला पुरावा बलुचिस्तानातल्या मेहेरगढला मिळतो. तिथली वस्ती इसवी सनपूर्व ७००० च्या आसपास सुरू होते. सुरुवातीच्या थरांत शिकारीच्या प्राण्यांची हाडं जास्त, मग हळूहळू गुरांची हाडं वाढत जातात आणि त्या हाडांचा आकार लहान होत जातो. दावणीला बांधलेलं जनावर पिढ्यानुपिढ्या आकाराने लहान होतं. ही पाळीव होण्याची खूण.

तिथून पुढे दक्षिणेत या. कर्नाटक-तेलंगणाच्या कोरड्या पठारावर राखेचे मोठाले ढिगारे आहेत, काही तर लहान टेकडीएवढे. गावकरी सांगायचे की ही राक्षसांची राख आहे. हंपीजवळच्या निंबापूरच्या ढिगाऱ्याला वालीच्या चितेची राख म्हणतात. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने अंदाज केला की हे जळालेलं शेण असावं. पुढे प्रयोगशाळेत ते खरं निघालं. १९५७ साली रेमंड ऑल्चिनने तेलंगणातल्या उतनूरला खोदलं तेव्हा राखेच्या थरांमध्ये लाकडी खांबांच्या कुंपणाच्या खुणा मिळाल्या, आणि गुरांच्या खुरांचे ठसे! म्हणजे हे नवाश्मयुगातले गोठे होते. शेकडो गुरं रात्री कोंडायची, शेण साचायचं, आणि ते अधूनमधून पेटवून द्यायचे. सणाला असेल, रोगराई गेल्यावर असेल, पण पुन्हा पुन्हा पेटवायचे. हजारो वर्षं टिकणारा डोंगर त्यांनी नुसत्या शेणातून उभा केला. आपल्याकडे अजूनही पोळ्याला बैल सजतो, होळीला शेणाच्या गोवऱ्या रचतात. थेट धागा जोडण्याचा दावा मी करणार नाही, पण उतनूरबद्दल वाचताना होळी आठवल्याशिवाय राहत नाही.

महाराष्ट्रातच दायमाबाद आहे, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार कांस्यमूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस, आणि दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस. चारही मिळून साठ किलोहून जास्त वजन. त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, पण बैलजोडीचं ते शिल्प बघितलं की घडवणाऱ्याला जुंपलेला बैल आतून माहीत होता, हे कळतं. जूं कुठे बसतं, मान कशी राहते, हे त्याने बघून बघून पाठ केलं होतं.

आता दुधाचा प्रश्न. गुरं होती हे हाडं सांगतात. पण दूध काढत होते का? दूध तर मातीत मुरून गेलं.

इथे मडकं कामाला येतं. कच्च्या भाजणीचं, झिलई नसलेलं मडकं स्निग्धांश पितं. आपल्या आज्या ताकाचं मडकं वेगळं ठेवायच्या, कारण त्यात दुसरं काही केलं तरी ताकाचा वास जात नसे. तो वास म्हणजे मडक्याच्या छिद्रांत मुरलेली चरबी. ती चरबी हजारो वर्षं टिकते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटाने ती खापरातून काढून तपासायची पद्धत बसवली. मांसाच्या चरबीत आणि दुधाच्या चरबीत काही घटक सारखेच असतात, पण जनावराचं शरीर ते वेगळ्या वाटेने बनवतं, त्यामुळे त्यांच्यातल्या कार्बनचं प्रमाण किंचित वेगळं येतं. तेवढ्या फरकावरून कळतं की या खापरात रस्सा शिजला होता की दूध तापलं होतं.

या पद्धतीने २००८ साली पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोपातली सुमारे २,२०० मडकी तपासली गेली आणि दुधाचा वापर इसवी सनपूर्व सातव्या सहस्रकापर्यंत मागे गेला. सगळ्यात भक्कम पुरावा मिळाला तो आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य भागात, जिथे गुरं जास्त पाळली जात होती.

पोलंडची गोष्ट तर मजेदार आहे. तिथल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांत भोकं पाडलेली खापरं मिळायची. ही कशाला? पीटर बोगुकी नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १९८० च्या दशकात म्हटलं, ही चीज गाळायची चाळण आहे. पुरावा काही नव्हता, नुसता तर्क. तीस वर्षांनी, २०१२ साली, त्या खापरांची तपासणी झाली आणि त्यात दुधाची चरबी सापडली. फाटलेल्या दुधातून पाणी वेगळं करायची ती चाळणच होती.

आणि आपल्याकडे? भारतीय उपखंडातला दुधाचा सगळ्यात जुना थेट पुरावा कच्छमधल्या कोटडा भडली या हडप्पाकालीन छोट्या वस्तीतून आला. तिथलं उत्खननही डेक्कन कॉलेजच्याच लोकांनी केलं होतं. तिथली ५९ खापरं तपासली गेली आणि २०२० साली निष्कर्ष छापून आला: या भांड्यांत दूधदुभतं हाताळलं जात होतं. हाडांनीही तेच सांगितलं. गायीम्हशी बऱ्याच मोठ्या वयापर्यंत जगवलेल्या, शेळ्यामेंढ्या मात्र लहान वयात कापलेल्या. म्हणजे दूध गायीम्हशीचं, मटण शेळीमेंढीचं. अजून एक बारकावा आहे, तो शेतकऱ्यांना आवडेल. गायीम्हशींच्या खाण्यात बाजरी-नाचणीच्या जातीच्या भरडधान्याची वैरण होती, शेळ्यामेंढ्या मात्र आसपासचं गवत आणि पाला खात होत्या. दुभत्या जनावराला शेतातली वैरण आणि शेळीला रान, ही वाटणी चार हजार वर्षांपूर्वीही होती.

आता यातला खरा गमतीचा भाग. त्या काळच्या बहुतेक मोठ्या माणसांना कच्चं दूध पचत नव्हतं. लहान बाळाला दुधातली साखर पचते, मोठेपणी ती क्षमता बहुतेक सस्तन प्राण्यांत जाते. काही माणसांत एका छोट्या जनुकीय बदलामुळे ती टिकते. युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या सांगाड्यांतला डीएनए २००७ साली तपासला, तेव्हा त्यांच्यात हा बदल नव्हताच. म्हणजे दूध काढायला आधी शिकले आणि पचवायची ताकद नंतर पसरली. भारतातही ही ताकद सगळ्यांत सारखी नाही. वायव्येकडे जास्त, दक्षिण-पूर्वेकडे कमी. आणि पशुपालक समाजांत जास्त.

मग न पचणाऱ्या दुधाचं करायचं काय? उत्तर तुमच्या फ्रिजमध्ये आहे. विरजण लावायचं. विरजणातले जिवाणू ती साखर खाऊन टाकतात, आंबट होतं, आणि पोट बिघडवणारा भाग कमी होतो. ताक घुसळून लोणी काढलं आणि कढवून तूप केलं की साखर जवळजवळ उरतच नाही, आणि तूप महिनोन्‌महिने टिकतं. तूप म्हणजे उन्हाळ्यासाठी साठवलेला पावसाळा. ओल्या चाऱ्याच्या चार महिन्यांत जे दूध येतं, ते कोरड्या आठ महिन्यांत खाता येईल अशा रूपात बदलायचं. हा शोध नांगराएवढाच मोठा आहे, आणि तो बहुधा चुलीपाशी लागला. म्हणजे बायकांनी लावला असण्याची शक्यता दाट आहे. त्यांची नावं कुठे नाहीत.

आता परत इनामगावला. इसवी सनपूर्व १००० च्या सुमाराला गावात काहीतरी बदलतं. ऐसपैस चौकोनी घरं जातात आणि त्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. तीनेक मीटर व्यासाच्या. भांडी कमी देखणी होतात. धान्यात गव्हाचं प्रमाण घटतं. शिकार वाढते, आणि कळपात शेळ्यामेंढ्यांचा वाटा वाढतो. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला, नदीला पूर येईनासे झाले, पाटाला पाणी मिळेना, आणि शेतकऱ्याचा अर्धा मेंढपाळ झाला. वर्षाचा काही काळ गावात, काही काळ कळपामागे.

यावर वादही झाला. ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने इथल्या लहान मुलांचे सांगाडे तपासले. (दोनशेहून जास्त दफनं इनामगावात मिळाली, त्यात बहुतेक मुलं, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात घरातच पुरलेली.) २०११ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती, अंगावर मांस कमी होतं. पण सगळा दोष पावसाला देता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. जमिनीवर पिढ्यानुपिढ्या पडलेला ताण, वाढलेली तोंडं, चुकत गेलेली गणितं, हेही त्यात आहे. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या माणसाला हा वाद ओळखीचा वाटेल. दुष्काळ निसर्गाने आणला की आपण, हा प्रश्न आपण अजून सोडवतोय.

मला मात्र यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पाट आटल्यावर हे लोक लगेच गाव सोडून गेले नाहीत. आणखी तीनशे वर्षं राहिले! म्हणजे दहा-बारा पिढ्या. हाल सोसून राहिले, मुलं अशक्त झाली, घरं लहान झाली, पण राहिले. कशाच्या जोरावर? फक्त धान्यावर नाही. जनावरांच्या जोरावर, शिकारीच्या जोरावर आणि आसपासच्या मोकळ्या रानाच्या जोरावर. धान्याला पाणी जागेवर लागतं. जनावर पाण्याकडे चालत जातं. गाय मोठी, तिला चारा जास्त लागतो. शेळीमेंढी काटेरी झुडपावरही तग धरते. कोरड्या काळात मोठ्या जनावराकडून लहान जनावराकडे वळणं हा अडाणीपणा नव्हता, तो विमा बदलून घेणं होतं.

आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र क्रम उलटा शिकवतात. आधी शिकारी, मग पशुपालक, मग शेतकरी, मग शहर. जिना चढत गेल्यासारखं. यात धनगर, गवळी, मेंढपाळ म्हणजे 'मागे राहिलेले' ठरतात. इनामगाव सांगतं की हा जिना नाही, हे वर-खाली दोन्हीकडे जाणं आहे. शेती आणि कळप ही एकाच घरातली दोन माणसं. एक आजारी पडलं की दुसरं घर चालवतं. आजही नगर, सातारा, पुण्याच्या कोरड्या पट्ट्यातला धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतो, कोकणात जातो आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतो. वाटेतले शेतकरी त्याला शेतात मेंढ्या बसवायला सांगतात, खतासाठी, आणि त्याबदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची कितीतरी वर्षं या धनगरांच्या वाड्यांमागे हिंडण्यात घालवली, आणि खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या कथांतून दाखवलं की महाराष्ट्राचा धर्म समजून घ्यायचा तर कळपाची वाट समजून घ्यावी लागते. आपण खंडोबाला भंडारा उधळतो, आणि त्याच्या बाणाईच्या माहेरच्या माणसाने रानात मेंढ्या घातल्या की पोलिसात तक्रार करतो.

आणि आता आजचा प्रश्न, ज्यासाठी एवढं लिहिलं.

विमा चालतो तो हप्ता भरला तर. जनावराच्या विम्याचा हप्ता म्हणजे चराईची जमीन. इनामगावकरांकडे ती होती. आपल्याकडे तिचं नाव गायरान. ती कोणाच्या मालकीची नाही, गावाची. म्हणूनच ती सगळ्यात आधी जाते. कुठे लेआउट पडतो, कुठे कार्यालयाची इमारत, कुठे प्रकल्प, कुठे पुढाऱ्याचं कंपाउंड. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. त्यातच न्यायालयाने हेही म्हटलं की भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी हा अपवाद ठरू शकतो.

हा अपवाद आपण विसरता कामा नये. महाराष्ट्रात गायरान म्हटलं की नोटीस सगळ्यात आधी जाते ती पोटापुरती दोन एकर कसणाऱ्या दलित, आदिवासी, भटक्या कुटुंबाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो याच हक्कासाठी. त्यांच्या दोन एकरांनी गायरान संपलेलं नाही. ते संपवणारे वेगळे आहेत, आणि त्यांना नोटीस लवकर पोचत नाही.

आकडे बघा. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे एक कोटी पंचावन्न लाख गायी-बैल होते. २०१९ च्या गणनेत ते एक कोटी चाळीस लाखांच्या आत आले. सात वर्षांत दहा टक्के घट. ट्रॅक्टर आला, ज्वारी कमी झाली म्हणून कडबा कमी झाला, म्हाताऱ्या बैलाचं करायचं काय हा प्रश्न अवघड झाला, आणि चरायला रान उरलं नाही. यातलं प्रत्येक कारण एकेकटं बघितलं तर समजण्यासारखं आहे. सगळी मिळून बघितली तर आपण आपला जुना विमा मोडतोय. त्याच्या बदल्यात काय घेतलंय? एक नगदी पीक आणि एक बोअर. बोअर आटला की आपल्याकडे इनामगावकरांएवढीही दुसरी वाट नसते. मग छावणी उघडायची वाट बघायची, आणि छावणीचं बिल निघायची वाट छावणीवाल्याने बघायची.

मी जुन्या काळात परत जा म्हणत नाही. त्या काळातली मुलं उपाशी होती, हे त्यांच्याच हाडांवरून वर सांगितलं. मी एवढंच म्हणतोय की पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एक प्रश्न विचारा: आपल्या गावचं गायरान सातबाऱ्यावर किती आहे आणि जागेवर किती? गावातला मेंढपाळ कुठल्या वाटेने जातो, ती वाट अजून मोकळी आहे का? दुष्काळ आला तर जनावरांना नेण्यासाठी राखलेलं एक तरी कुरण आहे का? हे प्रश्न विचारायला पुरातत्त्व शिकावं लागत नाही.

मामांचा तो बैल त्या उन्हाळ्यात वाचला. पाऊस आल्यावर तो घरी परतला आणि पुढच्या वर्षी गोठ्यातच गेला. मामांनी त्याला बांधावर पुरलं. कालवड आता तिसऱ्यांदा व्यालीय, घरात दूध आहे, मामीचं ताक अजून तसंच आहे.

कधी शिरूरकडून गेलात तर घोडच्या काठावर थोडं थांबा. त्या पांढरीत कोणाच्या तरी गोठ्याची भुई आहे.

तुमच्या गावच्या गायरानाची आज काय अवस्था आहे, ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा. गाव आणि तालुका टाका. एकत्र यादी झाली तर पुढे तिचा उपयोग करता येईल.